वरच्या वहिनींची गुंतवळीची वही

देवाने काळी म्हणून पाठवलेली कुठलीही वस्तू काळी राहू द्यायची नाही, असा पण केलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि माझं नशीब असं की ती अकरा वर्षं आमच्याच डोक्यावर राहत होती. डोक्यावर म्हणजे दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही तळमजल्यावर आणि त्या पहिल्या मजल्यावर. आम्ही सगळे त्यांना वरच्या वहिनी म्हणायचो. सई, त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, "आजी, मी या सुट्टीत घरच्या घरी केस लाइट करणार आहे, काळ्याचा कंटाळा आलाय," आणि फोन बंद झाला. लाइन तुटली नव्हती. मी ठेवला. राग तुझ्यावर नव्हता, वरच्या वहिनींवर होता. तो तुझ्या जन्माच्या आधीचा आहे आणि चांदीची भांडी जपावीत तसा मी तो घासून-पुसून जपला आहे. ओम मागे विचारत होता, तुमच्या हॉलमधल्या जुन्या फोटोत कमरेखाली शेपटा सोडून उभी असलेली मुलगी कोण. ती तुमची आई. तो शेपटा कुठे गेला हे तिने तुम्हाला सांगितलं नाही, "आजीला विचारा" म्हणाली. तर ऐका. मी क्रमाने सांगते, मला क्रम सोडून सांगता येत नाही. आणि राग असला तरी वहिनींना अहो-जाहोच करणार आहे, तेवढी शिस्त आमच्या पिढीला होती.

वहिनींचे केस मुळात कसे होते ते आधी सांगायला हवं. इतके काळे केस मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत. न्हाऊन बाल्कनीत उभ्या राहिल्या की उन्हात त्यांना निळसर झाक यायची. दुसरी एखादी बाई त्या केसांच्या जिवावर आयुष्यभर मान वर करून चालली असती. वहिनींना मात्र ते केस म्हणजे चुकून झालेली बदली वाटायची, आणि ती रद्द करून घ्यायला त्या अर्जावर अर्ज करत होत्या. दिवसही तसेच होते. ब्लॉकमध्ये नुकतीच केबल आली होती, रस्त्यावर रोज नव्या तऱ्हेची गाडी दिसायची, जो उठेल तो नोएडात प्लॉट बघायला जायचा, आणि टीव्हीवर शाम्पू विकणाऱ्या झाडून सगळ्या मुलींचे केस मधाच्या रंगाचे झाले होते. वहिनींचे यजमान ज्या मंत्रालयात होते तिथे परवान्यांच्या फायली एकामागून एक बंद होत होत्या. "ह्यांच्या ऑफिसात रोज एक परवाना रद्द होतोय, ताई," वहिनी मला म्हणायच्या. "सगळा देश मोकळा झाला आणि मी एकटीने काळी टोपी घालून बसायचं?"

"देवाने दिलेल्या केसांना परवाना लागत नाही, वहिनी," मी म्हणायची.

"लागतो ना! सासूबाईंचा लागायचा. आता त्या गावी गेल्या."

पहिला प्रयोग लिंबाचा. लिंबाचा रस केसांना चोळून उन्हात बसलं की केस फिके होतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. ऊन कुठलं, तर दिल्लीचं, मे महिन्यातलं, दुपारी एकचं. चेहरा मात्र काळवंडायला नको. म्हणून यजमानांची खाकी कापडी हॅट घेऊन त्यांनी वरचा डोक्याचा भाग कात्रीने कापून टाकला, नुसता काठ डोक्यात अडकवला आणि मधल्या भोकातून सगळे केस वर काढून त्या काठावर चहूकडे पसरले. गच्चीवर त्या अशा बसल्या की खालून पाहणाऱ्याला वाटावं, कुणीतरी खुर्चीवर कुंडी ठेवली आहे आणि पाणी घालायला विसरलं आहे. त्या महिन्यात आमच्या ब्लॉकला लिंबू मिळालं नाही. भाजीवाला सरळ सांगायचा, "ऊपर वाली आंटी ले गईं." माझ्या घरी पाहुणे आले आणि मला सरबताऐवजी चहा करावा लागला, भर उन्हाळ्यात! महिन्याअखेर केस होते तसेच राहिले, हॅटचा काठ मात्र पिवळा पांढुरका पडला. तो मला दाखवायला त्या मुद्दाम खाली आल्या. "बघितलंत? म्हणजे औषध बिल्कुल बरोबर आहे. केसच हट्टी आहेत."

मग मध आणि दालचिनी. मध चोपडून, डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून त्या दुपारच्या आडव्या झाल्या, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्यावरून निघालेली मुंग्यांची रांग दारातून बाहेर पडून जिन्याच्या भिंतीवरून पहिल्या मजल्यावर गेली. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते, हे तुम्ही पाहिलं आहे. त्या घरात मुंग्या! मी गुडघ्यावर बसून खडूने रेघा ओढत होते, तेवढ्यात पिशवी बांधलेलं डोकं जिन्यातून डोकावलं. "ताई, माझ्या मुंग्या तुमच्याकडे आल्यात का?" पोरं खेळायला आली आहेत का, असं विचारावं त्या सुरात. पुढे कुणा वकिलातीतल्या ओळखीने त्यांना कसली परदेशी सुकी फुलं मिळाली. ती उकळून केस धुवायचे होते. त्यांनी काढा करून थर्मासात भरला आणि यजमान तोच थर्मास चहाचा समजून ऑफिसला घेऊन गेले. त्या फुलांनी झोप छान लागते, हे नंतर कळलं. एवढा शांत, सज्जन माणूस, भर बैठकीत फायलीवर डोकं ठेवून झोपला. वहिनींना वाईट वाटलं ते काढा वाया गेल्याचं.

शेवटी त्या पेरॉक्साइडवर आल्या. जखमा धुवायला केमिस्ट तपकिरी बाटलीत देतो, तेच. आता मला कितीही राग असला तरी न्यायाने एक गोष्ट लिहायलाच हवी. पेरॉक्साइड आल्यापासून वहिनींनी कुणाच्या डोक्यावर तपासल्याशिवाय काही लावलं नाही, एक अपवाद सोडला तर. तपासायच्या कशावर, तर गुंतवळीवर. विंचरताना कंगव्यात अडकून येतात त्या केसांच्या गुंड्याला आपण गुंतवळ म्हणतो. हा शब्द तुमच्या आईलाही आता आठवत नसेल. यजमानांच्या ऑफिसातून मिळालेल्या एका डायरीत त्यांनी ब्लॉकमधल्या प्रत्येक बाईसाठी एक पान ठेवलं होतं. पानावर नाव, आणि खाली एकेका गुंतवळीच्या बारीक जुड्या दोऱ्याने बांधून चिकटपट्टीने डकवलेल्या. दहा मिनिटं, वीस मिनिटं, तीस मिनिटं. काळा, मग विटकरी, मग गवताच्या काडीसारखा. मी सगळा जन्म चिठ्ठ्या लावण्यात घालवला, पण इतकी नेटकी वही मला जमली नसती. याचाही मला राग यायचा. रोज सकाळी दूधवाल्यासमोर, भाजीवाल्यासमोर, माझ्या यजमानांच्या साहेबांसमोरसुद्धा, वरच्या बाल्कनीतून हाक यायची, "ताई, विंचरून झालं का? गुंतवळ टाकू नका हं!"

मी ती कधीच दिली नाही. लहानपणी आमच्याकडे गुंतवळीचा गोळा करून, त्यावर थुंकून मग टाकायचे, म्हणजे कुणाच्या हाती लागून करणी व्हायला नको. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, करणी-बिरणीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तरी मी ती कागदात गुंडाळून, कागदाला रबर लावून टाकत असे. वहिनींच्या वहीत माझ्या नावाचं पान कोरंच राहिलं. "असू दे, पान तुमचंच आहे," त्या म्हणायच्या. "कधीही द्या."

आता तुमच्या आईची गोष्ट. ती बी.एस्सी. झाली आणि नोएडाच्या एका सेक्टरमध्ये नव्याने उघडलेल्या, सगळीकडून काचेच्या असलेल्या ऑफिसातून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत सोमवारी होती. तोवर आमच्या घरात कुणी सरकारी नसलेली नोकरी केलेली नव्हती, त्यामुळे त्या सोमवारकडे सगळ्यांचे डोळे लागले होते, आणि तुमच्या आईने शनिवारी फर्मान काढलं की तिला कपाळावरच्या दोन बटा फिक्या करून हव्या आहेत.

"दोनच, आई! तिथल्या सगळ्या मुली तशाच असतात. यार, तू समजून घे ना."

"मी यार नाही, आई आहे," मी म्हणाले. पण 'नाही' म्हणायची माझी छाती झाली नाही. इंग्रजी शिकलेली, सुधारलेली आई म्हणून मी ब्लॉकभर मिरवत होते.

संध्याकाळी वहिनी रीतसर परवानगी घ्यायला खाली आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या. तुमची आई आत होती. "ताई, तुमची हो असेल तरच करीन. आणि खरं सांगा, हिच्या केसांना काही लावता? रंग, मेंदी, काहीही?"

"वहिनी, आमच्या घरात केसांना खोबरेल तेलाशिवाय काही लागलेलं नाही. माझ्या आईच्या नाही, माझ्या नाही, हिच्याही नाही."

"बिल्कुल काही नाही?"

"माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर राहू द्या."

"तसं नाही हो. मग थोडी गुंतवळ तरी द्या हिची. आज तपासते, उद्या लावते."

"तो गलिच्छ प्रकार माझ्या घरात होणार नाही."

आतून तुमच्या आईच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. वहिनी उठल्या. "ठीक आहे. तुमच्या शब्दावर करते."

रविवारी दुपारी वरच्या बाल्कनीत स्टुलावर तुमच्या आईला बसवून त्यांनी दोन बटा वेगळ्या काढल्या, औषध लावलं आणि डब्यातल्या पोळीला गुंडाळतो तो चांदीचा कागद गुंडाळला. मी खाली फुलके करत होते. पाच मिनिटंही झाली नसतील, वरून ओरडणं ऐकू आलं, "आई, भाजतंय! आई!" मी तशीच पिठाच्या हातांनी धावले. कागदातून वाफ येत होती. वहिनी उघड्या हाताने तो कागद ओढत होत्या आणि दुसऱ्या हाताने मगाने पाणी ओतत होत्या. कागद सुटला तो बटांसकट. शिजून लगदा झालेल्या शेवयांसारखे ते केस, कसल्याशा हिरवट रंगाचे, वहिनींच्या तळहाताला चिकटले होते. तुमच्या आईच्या कपाळावर लाल पट्टा उठला होता आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर खुंट उरले होते. ती रडली नाही, आरशात बघत राहिली. ते मला जास्त लागलं.

मी त्या बाल्कनीत जे बोलले ते तुम्हाला सांगू नये असं वाटतं, पण सांगते. "स्वतःच्या डोक्याचं काय करायचं ते करा, माझ्या मुलीच्या डोक्याला हात लावायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? स्वतःची मुलगी असती तर असे प्रयोग केले असते का?" वहिनींना मूलबाळ नव्हतं. हे ब्लॉकमध्ये सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या वेळी सगळ्या बाल्कन्या भरलेल्या होत्या. वहिनी एवढंच म्हणाल्या, "चूक माझी, ताई. न तपासता लावलं."

त्याच संध्याकाळी शेपटा कापावा लागला, कारण पुढे खुंट आणि मागे शेपटा हे काही दिसत नव्हतं. कानापर्यंतचे केस आणि कपाळावर मलम घेऊन तुमची आई सोमवारी नोएडाला गेली आणि नोकरी घेऊन आली. तेव्हापासून तिने केस वाढवले नाहीत. तिला ते तसेच आवडतात म्हणते. शेपटा माझ्या ट्रंकेत आहे. नोकरी लागल्याचे पेढे मी सगळ्या ब्लॉकला वाटले, पहिला मजला सोडून. त्या रागाच्या भरात मी सोमवारी सगळं घर धुऊन काढलं, फडताळं, बरण्या, मागच्या अंगणात बसून लोखंडी कढईसुद्धा चिंच लावून घासली. वर पाहिलं तर हाताला पट्टी बांधलेल्या वहिनी बाल्कनीत उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या. मग आत गेल्या. शरमल्या असतील, असं वाटून मला बरं वाटलं. त्यानंतर दोन वर्षं आम्ही एकाच जिन्याने येत-जात होतो, पण शब्द नाही. मग ते नोएडाला फ्लॅट घेऊन गेले. तुमच्या आईच्या लग्नात त्यांनी साडी पाठवली, ती मी परत केली. त्या वेळी मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

क्रमाने सांगते म्हटलं होतं, पण एक गोष्ट मी क्रमातून गाळली. ती आता सांगते.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका मॉलमधल्या पार्लरमध्ये मी केस कापायला गेले होते. कापणाऱ्या मुलीने माझे केस बोटात धरले आणि विचारलं, "आंटी, मेहंदी लगाती हैं न? लोहे की कढ़ाई वाली?" मी म्हटलं, का गं? ती म्हणाली, "बस, इन पे कभी ब्लीच मत करवाना. लोहे वाले बाल गरम हो जाते हैं, टूट के हाथ में आ जाते हैं." मला त्या मुलीचा इतका राग आला की मी तिला 'थँक यू' न म्हणता उठले.

चाळिशीत माझे केस पांढरे व्हायला लागले, तेव्हापासून मी लोखंडी कढईत मेंदी आणि आवळा रात्रभर भिजवून लावत होते. आणि तुमच्या आईचे केस जन्मतः काळे असले तरी दिल्लीच्या उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने टोकांना पिंगट पडायला लागले होते. मुलीचे केस काळेभोरच दिसले पाहिजेत म्हणून ती पंधरा वर्षांची झाल्यापासून, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, डोकं शांत राहायला थंड लेप म्हणून, मी तेच तिच्याही केसांना चोपडत होते, अगदी मुळापासून. कामवालीला लवकर घरी पाठवून, दार लावून. वहिनी काळ्याचं पिंगट करत होत्या आणि मी पिंगटाचं काळं. धंदा एकच. फक्त त्या बाल्कनीत बसायच्या आणि मी कडी घालून. त्या शनिवारी मला सरळ प्रश्न विचारला गेला होता आणि मी माझ्या आईचंही नाव घेऊन खोटं बोलले होते.

हे कळल्यावरही मी काही केलं नाही. इतकी वर्षं जपलेला राग खाली ठेवला तर तो कुठे ठेवायचा, हे मला सुचेना. मग तुझा फोन आला, सई. गेल्या गुरुवारी मी मेट्रोने नोएडाला गेले. तीन मुद्दे कागदावर लिहून पर्समध्ये ठेवले होते.

नवव्या मजल्यावर वहिनींनी स्वतः दार उघडलं. यजमान मागेच गेले, आता त्या एकट्याच असतात. त्यांचे केस कापसासारखे पांढरेशुभ्र झाले होते, एकही काळा नव्हता. मला पाहून त्या स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "या. बघा ताई, शेवटी जमलं की नाही? एक लिंबूसुद्धा लागलं नाही."

मी कागद काढायला पर्स उघडली. त्या माझ्या डोक्याकडे बघत होत्या. या वयातही माझे केस काळेभोर आहेत, तुम्हाला माहीतच आहे. त्यांनी हळूच विचारलं, "अजून तीच कढई का?"

मी खुर्चीवर बसले. "तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवशी वरून दिसली ना. काठाला मेंदी वाळलेली होती. तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीत? सगळा ब्लॉक तुम्हाला नावं ठेवत होता. मी ठेवत होते!"

"बोलून काय झालं असतं? पोरीने तुमच्यावर राग धरला असता. शेजारणीवर धरला तर चालतं, ताई. शेजारीण बदलते." त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. तळहातावर जुन्या भाजल्याचा गुळगुळीत डाग होता. "आणि तपासायचं काम माझंच होतं."

मला पुन्हा राग आला, प्रचंड राग, आणि या वेळी तो कुणावर आहे हे मला नक्की माहीत होतं. तीन मुद्द्यांपैकी एकही मला वाचता आला नाही. त्यांनी कपाटातून वही आणली. चिकटपट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या, काही जुड्या निसटून शिवणीत पडल्या होत्या, पण माझ्या नावाचं पान होतं तसंच होतं. मी पर्समधून कंगवा काढला, त्यात अडकलेले केस बोटाने गोळा केले आणि त्यांच्या हातावर ठेवले. थुंकले नाही, कागदात गुंडाळले नाहीत. वहिनींनी चष्मा लावून ती गुंतवळ खिडकीच्या उजेडात धरली. "अहो, मुळाशी किती सुंदर पांढरा आहे! आणि हा तुम्ही लपवता?"

हे पत्र तुमची आईही वाचेल. तिला हे सगळं प्रथमच कळेल. रागावली तर रागावू दे, तुम्ही मध्ये पडू नका. तो राग इतकी वर्षं चुकीच्या मजल्यावर राहत होता, आता खाली येऊ दे. आणि सई, केस फिके करायचेच असतील तर मी अडवणार नाही, पण घाई करू नकोस. आधी तुझी थोडी गुंतवळ पाकिटात घालून पाठव, वहिनींनी तुझ्या नावाचं पान काढून ठेवलं आहे. सोबत एक चिठ्ठी लिही, केसांना आजवर काय काय लावलंस त्याची. सगळं लिही. खरं लिही.